मोरीखालचं पाणी कुठे जातं

जानेवारीतला चौथा शनिवार. सकाळी सहा, सांगलीतलं विश्रामबाग. हजर: मी, माझे यजमान, गाडी चालवायला, आणि माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, आष्ट्यात चढणार होते. पावणेसातला ते रस्त्यावर उभे राहतील असं फोनवर तीनदा ठरलं होतं. आम्ही सहा चाळीसला पोचलो तेव्हा ते गोठ्यात होते. म्हशीचं झाल्याशिवाय येता येणार नाही, आणि तुम्ही पाच मिनिटं लवकर आलात, असं त्यांनी मलाच ऐकवलं. सात दहाला निघालो. म्हणजे पहिली पंचवीस मिनिटं तिथेच गेली.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. जागेवर नसलेलं पुस्तक हरवल्यात जमा, हे मी सत्तावीस वर्षं मुलांना सांगत आलेय. घरीही मी वही ठेवते. प्रवासाच्या पानावर सतरा कामं होती, प्रत्येकापुढे वेळ. जाताना कुठेही थांबायचं नाही. वर क्षेत्र महाबळेश्वरला जिथून कृष्णा निघते ते बघायचं, मग नदीबरोबर खाली यायचं: वाईचा घाट, साताऱ्याजवळ माहुलीचा संगम, कराडचा संगम, आणि घर. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाही. त्यामुळे कराडला पाच वाजता पोचून साडेपाचपर्यंत डबे उघडायचे, हे काम लाल शाईत होतं.

हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी होता. मी त्यांना आत्ती म्हणते. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या आष्ट्याजवळ नदीकाठच्या मळ्यात आल्या. साठ वर्षं नदी बघितली, पण वरच्या अंगाला कराडच्या पुढे कधी गेल्या नाहीत, आणि कराडलाही एका लग्नापुरत्याच. दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला तांदूळ निवडताना त्या म्हणायच्या, "नदी कुठनं येती ते एकदा बघायचं हाय." त्या हे कुणालाच उद्देशून म्हणायच्या नाहीत, त्यामुळे ते काम कुणाचंच नव्हतं. यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालणं आणखी कमी करायला सांगितलं, तेव्हा ते मी वहीत घेतलं.

आता आत्तींचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

पाणी गाळून प्यायचं, हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. पण गाळून झाल्यावर काम संपत नाही. फडक्यावर डोळ्याला काही दिसत नसलं तरी तिथे जीव असतात. फडकं उलटं करून, गाळलेलंच थोडं पाणी वरून घालून, ते जीव एका भांड्यात उतरवून घ्यायचे आणि जिथलं पाणी असेल तिथेच परत नेऊन सोडायचे. ह्याला जिवाणी म्हणतात. विहिरीची जिवाणी विहिरीत, नदीची नदीत. वरून ओतायची नाही. भांडं पाण्याला टेकवून हळूच कलतं करायचं. आणि हे सगळं दोन घटकांत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत व्हायला हवं. हल्ली बहुतेक घरांत गाळण्यापर्यंतच होतं, पुढचं राहतं. आत्तींनी मात्र तरुणपणी एका माताजींसमोर, म्हणजे आमच्या साध्वींसमोर, हा नियम घेतला होता आणि पूर्ण घेतला होता. जिवाणी परत गेल्याशिवाय त्या गाळलेलं पाणी तोंडाला लावत नाहीत.

मळ्यात हे सोपं होतं. नदी बांधाला लागून, आणि गुडघे शाबूत. अकरा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, नळाला येतं ते पाणी कृष्णेचंच ना? मी विचार न करता हो म्हटलं. त्या एका 'हो'ची शिक्षा मी अकरा वर्षं भोगतेय. सात दहाला आत्ती पाणी गाळतात, सात पंधराला मी झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन स्कूटर काढते, सात पस्तीसला सांगलीच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर असते. डबा पाण्याला टेकवते, कलता करते, परत येते, स्वयंपाक, ऑफिस. पुराच्या दिवसांत नदी स्वतःच अर्ध्या वाटेवर यायची, तेवढाच काय तो आराम. मला ताप असेल तर यजमान जातात आणि तिथे गाडी कुठे लावायची हे फोन करून मलाच विचारतात.

मी हे श्रद्धेने केलं असं म्हणत नाही. यादीत होतं म्हणून केलं. पण एकही दिवस चुकला नाही.

प्रवासापुरती मी ह्यातून सुटका काढली होती. उकळलेलं पाणी दिवसभर चालतं. दोन बाटल्या उकळून घेतल्या. आत्तींनी मान हलवली, त्यावरून मी समजले की ठरलं. तासवड्याच्या टोलनाक्यावर सुटे पैसे शोधायला मी त्यांची पिशवी उघडली तेव्हा आत गाळायचं फडकं, तांब्या, पातेली आणि डबा नीट रचून ठेवलेला दिसला. मी पिशवी बंद केली. बोलून उपयोग नसतो, आणि मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

मामा पुढच्या सीटवर बसले होते आणि रस्ताभर पाण्याबद्दल बोलत होते. शेतकरी माणूस नदीबद्दल बोलतो तो नदीचं कौतुक म्हणून नाही, तर भाऊबंदाबद्दल बोलावं तसं. अमक्या साली एवढी आली, तमक्या साली आलीच नाही. त्यांची निम्मी जमीन पाणी पाजून पाजून खारली आहे. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, मीठ पसरल्यासारखा. वाळवा तालुक्यात अशी जमीन खूप आहे. नदी सपाटीला आली की तिला घाई राहत नाही, आणि माणसाला तर उसाला पाणी किती पाजावं ह्याचा अंदाज कधीच नव्हता. हे मी म्हटलं, तर मामा म्हणाले, "पुस्तकात बरं असतंय, सूनबाई. पाळीचं पाणी रात्री दोनला आलं की बंद कोण करतंय?"

कराडला न थांबता जायचं होतं. पण कोयना कृष्णेला कुठे भेटते ते आत्ताच बघू, परत येताना उजेड नसला तर, असं मामांनी काढलं आणि यजमानांनी गाडी वळवली. मला विचारलं नाही. तिथे उतरून बघितल्यावर मात्र मी वही मिटली. एक नदी इकडून येते, दुसरी बरोबर समोरून, जशा दोघी बायका एका दारात समोरासमोर याव्यात. आणि मग दोघी मिळून काटकोनात बाजूला वळतात. आत्तींनी गाडीतूनच हात जोडले. मामांनी पाण्याचा रंग दोन्हीकडचा वेगळा आहे असं सांगितलं. मला तो एकच दिसला. पस्तीस मिनिटं गेली. पुढे साताऱ्याच्या अलीकडे यजमानांना चहा हवा झाला, त्याची पंधरा.

वाईवरून पसरणीचा घाट चढताना मागे धोमच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं. ते बघून मामा इतके अस्वस्थ झाले की त्यांनी काच खाली केली. आपल्या गावाला उन्हाळ्यात मोटरी उघड्या का पडतात ह्याचं कारण त्यांना समोर पसरलेलं दिसत होतं. हे धरण नसतं तर उन्हाळ्यात काहीच आलं नसतं, असं मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि पाचगणी येईपर्यंत कुणी बोललं नाही. त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास.

क्षेत्र महाबळेश्वरला साडेअकराला पोचलो, म्हणजे वहीपेक्षा दीड तास उशिरा. यजमानांना गाडी लांब लावावी लागली. आत्ती एक हात माझ्या खांद्यावर, एक मामांच्या, अशा देवळापर्यंत चालल्या. पंचगंगेच्या त्या देवळात दगडी गायीच्या तोंडातून पाणी कुंडात पडतं. पाच नद्या एकाच ठिकाणी: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. आत्तींनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"एवढीच?" त्या म्हणाल्या.

मामांनी अंदाज घेतला आणि म्हणाले, "आक्का, आपल्या मोटरीचा पाइप ह्याच्यापेक्षा जाड हाय."

रांगेतली दोन माणसं हसली. आत्ती हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या, तांब्या गोमुखाखाली धरला, भरून घेतला, आणि बाजूच्या दगडावर बसून फडकं दुहेरी करून पातेलीवर पसरलं. माझ्या लक्षात येईपर्यंत पाणी गाळून झालं होतं. फडकं उलटं केलं, डब्यात जिवाणी उतरवून घेतली. मी घड्याळ बघितलं: बारा वाजून चार मिनिटं. सवय.

डबा घेऊन त्या कुंडाकडे वळल्या तेव्हा तिथल्या सेवेकऱ्याने त्यांना अडवलं. त्याने फडक्यावर पाणी घातलेलं बघितलं होतं. इथे कपडे धुवायला मनाई आहे, तो म्हणाला, आणि धुतलेलं पाणी कुंडात तर मुळीच टाकायचं नाही. आत्तींनी त्याला जिवाणी म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. मीही केला, ग्रंथालयात रागावलेल्या पालकांशी बोलते त्या आवाजात. तो ऐकून घेत होता, पण हात आडवाच ठेवून. मागे रांग कुरकुरत होती. त्याच्या जागी मी असते तरी वेगळं वागले नसते, म्हणूनच मला आणखी चीड आली. शेवटी त्याने आम्हाला बाहेर काढलं, अगदी नम्रपणे.

बाहेर यजमानांना फोन केला. गाडी आणायला ते चौदा मिनिटं घेऊन आले, आणि येताना स्ट्रॉबेरीची दोन खोकी घेऊन आले. आत्ती गाडीत बसल्या तेव्हा बारा चौतीस झाले होते. डबा मांडीवर, त्यावर दोन्ही हात. सकाळी घरून निघाल्यापासून त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. उकळलेल्या बाटल्या तशाच होत्या. मूळचं पाणी प्यायचं म्हणून त्या थांबल्या होत्या, आणि आता जिवाणी परत गेल्याशिवाय तेही घेणार नव्हत्या. साखरेचं औषध घेतलेलं. बारा बावन्नपर्यंत, म्हणजे अठरा मिनिटांत, हे उरकायला हवं होतं, नाहीतर नियम मोडला. आणि नियम मोडला की त्या प्रायश्चित्त म्हणून निर्जळी उपास धरणार, हे गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं. मागच्या वर्षी एका उपासाने त्या स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या.

यजमानांनी गाडी सुरू केली आणि म्हणाले, "आई, वाईला घाटावर सोडू. पाणी तेच आहे. इथलंच तिथे जातं."

"वाईला तास लागतोय," आत्ती म्हणाल्या. "आणि वाईचं पाणी वाईच्या जिवांचं. थंडीतला जीव नेऊन उन्हात सोडू व्हय?"

"मग त्यात कोकणातलंबी असंल की, आक्का," मामा म्हणाले. "सावित्री पलीकडं उतरती. पाचीचं पाणी एकात घेतलंस तू. कंचा जीव कुणाचा, कसं वळखायचं?"

"तू गप बस. मी कृष्णा म्हणून घेतलंय."

हे असं चाललं होतं आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. बारा बेचाळीस. एका वळणावर रस्त्याखाली मोरी आली आणि तिच्याखालून पाणी वाहताना दिसलं. मी गाडी थांबवायला सांगितली. माझ्याजवळ नकाशाची प्रत होती. ती मी उघडली नाही. वळणं घेऊन आम्ही देवळापासून किती लांब आलो, कोणत्या बाजूला आलो, हे बघितलं नाही. "आत्ती, हीच," मी म्हटलं. "वरून तिथूनच येतेय." मला खरंच तसं वाटत होतं की तसं वाटून घ्यायचं होतं, हे आज मला सांगता येणार नाही.

डबा घेऊन मी उतरले. मोरीच्या कडेला कारवीची दाट झुडपं, उतार निसरडा, खाली पत्रावळ्या आणि बाटल्या पडलेल्या. पाणी माणूसभर खाली होतं. उतरायला पाच मिनिटं, चढायला पाच. चपला गुळगुळीत झालेल्या. कठड्यावर उभी राहून मी झाकण काढलं आणि चहाचा चोथा भिरकवावा तसं ते पाणी खाली ओतलं. त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

परत येऊन बसले. "सोडलं?" आत्तींनी विचारलं.

"सोडलं."

"किष्णंतच न्हवं?"

"कृष्णेतच."

त्यांनी हात जोडले, पातेलीतलं गाळलेलं पाणी तांब्यात घेतलं आणि सगळं एका दमात प्यायल्या. मामा पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघत होते. मी वहीत खूण केली.

त्यानंतरचा दिवस वहीबरहुकूम गेला, हेच मला नंतर सलत राहिलं. वाईच्या घाटावर आत्तींना पायरीवर बसवलं. पाणी संथ, पायऱ्या स्वच्छ. वर बघितलेली ती बोटभर धार इथे नदी झाली होती. डोंगरातून नदी एकदम खाली येते आणि वाईला जणू पदर सावरून चालायला लागते. आत्तींनी शेजारी कपडे धूत असलेल्या एका बाईला सांगितलं, मी हिचं मूळ बघून आले, तिथलं पाणी प्याले, आणि माझ्या सुनेनं तिथलं तिथं सोडून दिलं. त्या बाईला काही कळलं नसावं, पण ती हसली. मी डबे उघडले. डब्यांत काय होतं ते आता आठवत नाही. एरवी माझ्या लक्षात राहतं.

माहुलीला चार वाजता पोचलो. तिथे वेण्णा येऊन कृष्णेला मिळते. आत्ती गाडीतच थांबल्या, यजमान त्यांच्याजवळ. मी आणि मामा खाली काठापर्यंत गेलो. मामांनी पाण्यात हात घातला, तोंडावर फिरवला आणि वर न बघता म्हणाले, "सूनबाई, त्या मोरीखालचं पाणी कुठं पळत हुतं, बघितलंस?"

मी म्हटलं, खाली.

"खाली तर समदंच पळतंय. गाडीचं तोंड जिकडं हुतं तिकडंच पाणीबी चाललं हुतं. किष्णंचं खोरं मागं राहिलं हुतं. मला वाटतंय, ती वेण्णा हुती."

"तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तू ओतून आलतीस की. तोंड उघडून काय करू? आक्काचं पाणी अडवू?"

म्हणजे त्यांनी तेही बघितलं होतं. ओतलेलं. मी त्यांना सांगितलं की तुमची खात्री नाही, पाणी कुणीकडे वळलं ते गाडीतून कळत नाही, तुम्ही डोंगरात पहिल्यांदा गेलात. ते ऐकत राहिले. साठ वर्षं दांडातून पाणी फिरवणाऱ्या माणसाला मी उतार शिकवत होते. मग ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितं भेटतीयाच की तिला. जरा लांबनं आलं, एवढंच."

मला त्याचा फार राग आला. सगळंच एकमेकाला मिळतं, सगळंच शेवटी सांगलीला येतं, तर मी अकरा वर्षं स्कूटर का काढते? बेसिनमध्ये सोडलं तरी ते कुठेतरी नदीलाच मिळतं. हे मी मामांना ऐकवलं. ते म्हणाले, ते तू आक्काला इचार. आणि गाडीकडे चालायला लागले.

कराडला पाच वाजून पाच मिनिटांनी पोचलो, सूर्य वर असताना जेवलो. लाल शाईचं काम वेळेत झालं. आत्ती दोन घास जास्त जेवल्या.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी ग्रंथालयात नकाशांचं कपाट उघडलं. उंचीच्या रेषा दाखवणारा तो मोठा कागद टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार शब्दकोश ठेवले. देऊळ सापडलं. रस्ता सापडला. वळणं मोजली, माझ्या वहीत गाडी थांबल्याची वेळ होती, त्यावरून अंतर काढलं. त्या ठिकाणी निळी बारीक रेघ रस्ता ओलांडते. तिच्यावर बोट ठेवून मी सरकत गेले. ती एका मोठ्या ओहोळाला मिळते, तो वेण्णेला, वेण्णा मेढ्यावरून माहुलीला. कृष्णेची रेघ कागदाच्या दुसऱ्या अंगाला, मध्ये डोंगराची धार. मामा बरोबर होते.

त्याच कागदावर देवळापासून जवळच कृष्णाबाईचं जुनं देऊळ दाखवलेलं होतं. तिथेही झरा आहे, कुंड आहे, आणि गर्दी नसते. माझ्या पहिल्या यादीत ते होतं. वीस मिनिटं वाचावीत म्हणून मी ते आदल्या शुक्रवारी खोडलं होतं.

मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, सोडून दे. आईला सांगितलंस तर ती उपास धरेल, आणि ह्या वेळी दवाखान्यात भरती करावी लागेल. चूक तुझी, नियम तिचा, आणि तिला माहीत नाही म्हणजे तो मोडलाच नाही. इतकं सरळ बोलणं त्यांच्याकडून क्वचित ऐकायला मिळतं.  पण ते बरोबर आहेत असं मला वाटलं नाही. नुसती चूक असती तर एक वेळ चाललं असतं. ओतलं हे मला त्याच क्षणी माहीत होतं, आणि 'सोडलं' म्हणाले तीही मीच.

आत्ती मात्र बोलायच्या थांबेनात. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजेला गेल्या की तिथल्या बायकांना सांगायच्या. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. इतकी वर्षं माझ्याबद्दल त्यांनी चांगलं सांगावं असं काही मी केलं नव्हतं, निदान त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. आता दर वेळी गोष्ट थोडी वाढत होती. एका रविवारी त्यांनी सांगितलं की सून उतार उतरून खाली गेली, पायाला काटे लागले, तरी भांडं पाण्याला टेकवूनच सोडलं. मी तिथेच चपला घालत होते.

त्या आठवड्यात मी एकदा प्रयत्न केला. सकाळी पाणी गाळताना त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्ती, त्या दिवशीचं एक सांगायचं होतं."

त्यांनी फडकं उलटं केलं, कडेकडेने पाणी घातलं, झटकलं नाही. मग डब्याला झाकण लावून माझ्या हातात दिला. "सांग की."

"उशीर होतोय," मी म्हटलं. "आल्यावर सांगते."

आल्यावर त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घाटावर मी आता पूर्वीपेक्षा एक पायरी खाली उतरते, साडी भिजते. डबा टेकवते आणि पूर्ण रिकामा होईपर्यंत धरून ठेवते. ह्याने त्या दिवशीचं काही भरून निघत नाही, आणि ऑफिसला पाच मिनिटं उशीर होतो. दोनदा हजेरीपुस्तकावर शेरा आला.

शेवटी मी डॉक्टरांशी बोलले, काय झालं ते न सांगता. एक दिवसाचा उपास आत्तींना झेपेल का, विचारलं. आधी साखर तपासून घ्या, ते म्हणाले. ठीक आली तर एक दिवस, पण पाणी घेऊन, आणि तुम्ही घरी थांबा. निर्जळी नको, पाणी घेऊन, हे आत्तींना कबूल करून घेणं हेही आता माझ्याच यादीत आलं. मी एक दिवसाची रजा काढून ठेवली. मंगळवारी आत्तींचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट ठीक आला तर त्याच संध्याकाळी सांगायचं, जेवण उरकल्यावर, दिवस मावळायच्या आत, असं ठरवलं.

रिपोर्ट ठीक आला. त्याला आज बारा दिवस झाले.